'जैत रे जैत': परत परत येणारे प्रश्न, एकदाचे एका जागी

खारघरला आमचा पिक्चर बघणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. सुरुवातीला सहा-सात जण होतो, आता नेरूळ, बेलापूर, ठाण्यापासून लोक येतात. वर्षातून एकदा तरी 'जैत रे जैत' बघणं होतंच आणि त्यानंतर आठवडाभर माझा फोन वाजत राहतो, प्रश्न तेच, फक्त विचारणारे बदलतात. म्हणून हे पान. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, नंबर दिलाय तिकडे बघा. शेवट सगळ्यात खाली ठेवलाय, पिक्चर बघायचा असेल तर प्रश्न १९ च्या आधी थांबा.

१. 'जैत' म्हणजे नक्की काय? कोणाचं नाव आहे का?

नाव नाही. जैत म्हणजे जय, विजय, फत्ते. जुन्या मराठीतला शब्द आहे, लढाई जिंकली की आरोळी द्यायची तशी ही आरोळी, 'जिंकलो रे जिंकलो'. आता रोजच्या बोलण्यात कोणी वापरत नाही, त्यामुळे तरुण पोरांना ते एखाद्या गावाचं नाव वाटतं. एकाने तर मला जैतापूरशी संबंध आहे का विचारलं होतं. नाही बाबा.

२. गोष्ट काय आहे? शेवट सांगू नका प्लीज.

नाग्या नावाचा ठाकर तरुण आहे, ढोल वाजवणारा. त्याला पुण्यवंत व्हायचंय. आपल्यासारखं चार पैसे मिळावे, घर व्हावं असलं काही नाही, थेट पुण्य. वाडीच्या डोक्यावर लिंगोबाचा डोंगर, त्याच्या कड्याला मधमाश्यांची पोळी आणि तिथली राणीमाशी म्हणजे त्या डोंगराची मालकीणच. तिच्या नादात नाग्या एक डोळा गमावतो. मग भक्तीचं वैर होतं. तिकडे चिंधी नावाची बाई, नवरा नको झालेली, तिला नाग्या आवडतो आणि ती त्याच्या या वेडात स्वतःहून सामील होते. पुढचं पडद्यावर बघा.

कागदावर हे अगदी लहान वाटतं आणि तसंच आहे. सबप्लॉट वगैरे शोधायला जाऊ नका.

३. याला आर्ट फिल्म म्हणतात ना, मग इतकी गाणी कशी?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि मला आवडतो पण, कारण यात आपलीच गडबड कळते. आर्ट फिल्म म्हटलं की आपल्या डोक्यात शांतता, लांबच लांब शॉट, कोणीतरी खिडकीतून बाहेर बघतंय असं चित्र असतं. आणि इथे डझनभराहून जास्त गाणी! पण ही गाणी मध्येच गोष्ट थांबवून 'आता जरा गाणं ऐकू' अशी येत नाहीत. वाडी कशी आहे, पाऊस कसा येतो, चिंधीच्या मनात काय चाललंय हे संवादांपेक्षा गाण्यांतूनच जास्त कळतं. गाणी काढून बघा, गोष्टच उरत नाही. नाटकात जसं गाणारे गोष्ट हातात धरून पुढे नेतात तसं हे काम आहे, आणि ते नाटकवाल्यांनीच केलंय (प्रश्न ५).

म्हणजे व्याख्येपुरतं सांगायचं तर सत्तरच्या दशकातल्या समांतर सिनेमातलाच हा पिक्चर. २५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीतला उत्कृष्ट चित्रपट म्हणून याची निवड झाली. पण माझं स्पष्ट मत असं की हा मुळात संगीतिका आहे आणि तसाच ऐकत ऐकत बघायला हवा. लोकांची अडचण उलटी होते, गाणी सगळी पाठ असतात, गणपतीत, गॅदरिंगला, कोजागिरीला वाजतात, आणि पिक्चर बघितलेलाच नसतो. गाणं तोडून ऐकलं की ते 'छान निसर्गगीत' होतं. पिक्चरमध्ये त्याच गाण्याच्या मागे काय शिजतंय ते कळलं की परत तसं हलकंफुलकं ऐकता येत नाही.

४. कोणी काय केलंय ते एकदा नीट सांगा, दरवेळी गोंधळ होतो.

दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची, म्हणजे आपले गोनीदा. पटकथा-संवादांच्या बाजूला सतीश आळेकर. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत पंडित हृदयनाथ मंगेशकरांचं. निर्मात्या उषा मंगेशकर, हो, गायिका उषाताईच, हे कळल्यावर निम्मे लोक चकित होतात. नाग्या म्हणजे डॉ. मोहन आगाशे, चिंधी म्हणजे स्मिता पाटील. सोबत निळू फुले आणि सुलभा देशपांडे. साल १९७७.

निळू फुले दिसले की आमच्याकडे मागच्या रांगेतून 'बाई वाड्यावर या' हमखास येतं. एकदा हसून घ्या आणि मग गप्प बसून त्यांचं काम बघा.

५. हे सगळे डॉक्टर होते हे खरं आहे का?

सगळे नाही, पण बरेच. जब्बार पटेल लहान मुलांचे डॉक्टर, दौंडला प्रॅक्टिस होती. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. आळेकर डॉक्टर नाहीत, बायोकेमिस्ट्रीवाले, पण नोकरी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातच आणि पटेल-आगाशे पण तिथलेच. त्यांच्या आधी श्रीराम लागू त्याच कॉलेजातून कान-नाक-घशाचे डॉक्टर होऊन बाहेर पडले होते. काय पाणी होतं तिथलं कोण जाणे.

पण खरा धागा कॉलेजचा नाही, 'घाशीराम कोतवाल'चा आहे. १६ डिसेंबर १९७२ ला ते नाटक पहिल्यांदा झालं, दिग्दर्शक जब्बार पटेल, नाना फडणवीस मोहन आगाशे. मग वाद झाले, ही मंडळी जुन्या संस्थेतून बाहेर पडली आणि १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. नाचत-गात-वाजवत गोष्ट सांगायची, गाणाऱ्या माणसांचा घोळका हेच एक पात्र करायचं, हे सगळं त्यांच्या अंगात तेव्हाच मुरलेलं होतं. 'जैत रे जैत'मध्ये जे चंद्रकांत काळे आणि रवींद्र साठ्यांचे आवाज आपल्याला वाडीतल्याच कोणाचे तरी वाटतात ते याच पुण्याच्या नाटकवाल्यांतले. म्हणून मी म्हणते की हा पिक्चर एका नाटक कंपनीने डोंगरावर जाऊन केलेला आहे असं समजून बघितला तर पटकन उलगडतो.

६. महानोर म्हणजे 'रानकवी' ना? ते ठाकर होते का?

रानकवी बरोबर, ठाकर नाही. मराठवाड्यातल्या पळसखेड्याचे शेतकरी, सोयगाव तालुका, अजिंठ्याच्या बाजूचा भाग. १९६७ चा 'रानातल्या कविता' हा संग्रह त्यांचा. विधान परिषदेवर आमदार पण होते, तिथे शेती-पाण्यावर बोलायचे. १९९१ मध्ये पद्मश्री. ३ ऑगस्ट २०२३ ला गेले.

इथे एक मजा आहे. महानोरांचं रान कोरडवाहू, ज्वारी-कापसाचं, पाण्याची वाट बघणारं. ठाकरवाडी कोकणातल्या पावसात भिजणारी. म्हणजे गाणी लिहिणारा या डोंगरातला नव्हताच! तरी ती परकी वाटत नाहीत कारण पाऊस, पीक, पाखरू, देह ही त्यांची रोजची भाषा होती, शहरात बसून शब्दकोशातून काढलेली नाही. मी तर म्हणेन की 'नभं उतरू आलं' मधला पाऊस हा पावसाला तरसलेल्या माणसानेच लिहायला हवा होता. आपण इथे जूनमध्ये सायन-पनवेल हायवेवर अडकलेले, आपल्याच्याने काय लिहिलं जाणार.

७. गाणी कोणी कोणी गायलीत? आणि 'चिंब पावसानं' यातलंच ना?

नाही!! 'चिंब पावसानं रान झालं आबादानी' हे 'सर्जा'मधलं आहे, तो दहा वर्षांनंतरचा पिक्चर. गोंधळ होतो कारण तिथे पण महानोर आणि हृदयनाथ हीच जोडी. तसंच 'सुन्या सुन्या मैफिलीत' हे 'उंबरठा'मधलं, शब्द सुरेश भटांचे. तिथे स्मिता पाटील, जब्बार पटेल, हृदयनाथ तिघेही आहेत, त्यामुळे गोंधळ माफ.

यातलं बघायचं तर 'मी रात टाकली' लतादीदींचं, सोबत काळे आणि साठे. 'नभं उतरू आलं' आणि 'जांभूळपिकल्या झाडाखाली' आशाताईंची. 'आम्ही ठाकर ठाकर', 'लिंगोबाचा डोंगुर', 'डोंगर काठाडी ठाकरवाडी' ही घोळक्याची गाणी, वाडीची ओळख करून देणारी. 'पीक करपलं' कमी ऐकलं जातं, तेच आधी ऐका असा माझा आगाऊ सल्ला.

'मी रात टाकली' कराओकेला घेणाऱ्यांनी नीट विचार करून घ्या. सोपं वाटतं, सोपं नाहीये. आमच्या कोजागिरीला दरवर्षी एक बळी जातो.

८. स्मिता पाटीलला याच पिक्चरसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ना?

'भूमिका'साठी. तोही १९७७ चाच, म्हणून ही चूक होते. दुसरा पुढे 'चक्र'साठी. 'जैत रे जैत'ला मिळालेला पुरस्कार पिक्चरला होता, तो प्रश्न ३ मध्ये सांगितलाय.

पण वय बघा. जन्म १७ ऑक्टोबर १९५५, म्हणजे चिंधी केली तेव्हा जेमतेम बावीस. त्याआधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायची. त्याच दोनेक वर्षांत 'मंथन', 'भूमिका', आणि ही चिंधी. एकीकडे गुजरातेतली गावातली बाई, दुसरीकडे स्टुडिओत आयुष्य घालवलेली नटी आणि तिसरीकडे डोंगरातली ठाकरीण. चिंधीचं चालणं बघा, शहरातल्या बाईला चढावर असं पाय टाकता येत नाही, आपण कर्नाळ्याच्या डोंगरावर (प्रश्न ९) जातो तेव्हा आपले पाय कसे पडतात ते आठवा. १३ डिसेंबर १९८६ ला गेली, एकतीस वर्षांची होती. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

९. लिंगोबाचा डोंगर खरा आहे का? पनवेलजवळच आहे असं ऐकलं.

खरा आहे आणि तुम्ही शंभर वेळा बघितलाय. पनवेल सोडून गोवा हायवेला लागलं की पुढे डोंगरावर अंगठा वर केल्यासारखा जो सुळका दिसतो ना, तोच. कर्नाळा किल्ल्याचा सुळका. गोनीदांनी कादंबरी रचली ती याच डोंगराच्या आणि त्याच्या पायथ्याच्या ठाकरांच्या आधाराने. सुळक्याला आजही आग्या मोहोळं लागतात, कातळावर काळे काळे पट्टे लोंबल्यासारखे दिसतात, ती सावली नसते.

गोनीदा घरात बसून लिहिणारे नव्हते, किल्ले पायी तुडवलेला माणूस. लहानपणीच घर सोडलं, गाडगे महाराजांसोबत राहिले, नर्मदा परिक्रमा केली, मग तळेगाव दाभाड्याला स्थिरावले. त्यामुळे डोंगर त्यांच्याकडे मागे लावलेल्या पडद्यासारखा येत नाही, पात्र म्हणून येतो.

आपल्याकडचे लोक लोणावळा-माथेरान करतात पण गोष्टीतला डोंगर अर्ध्या तासावर आहे हे माहीत नसतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. किल्ला म्हणून पण जुना आहे, १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके शेजारच्या शिरढोणचे, त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते.

१०. ठाकर म्हणजे कोण? ठाकरे, ठाकूर हे तेच का?

नाही. ठाकर ही आदिवासी जमात आहे, अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. त्यांच्यात म-ठाकर आणि क-ठाकर असे भेद आहेत. रायगड, ठाणे, पुणे, नाशिक, नगर या भागांत सह्याद्रीच्या कुशीत त्यांच्या वाड्या. कर्जत, खालापूर, पनवेल, शहापूर, मुरबाडकडे तुम्ही ट्रेकला गेलात आणि वाटेत 'ठाकरवाडी' अशी पाटी लागली असेल तर ती याच लोकांची. कातकरी आणि वारली वेगळे, सगळ्यांना एका पिशवीत घालू नका. ठाकूर-ठाकरे या आडनावांशी गल्लत करू नका. सिंधुदुर्गात पिंगुळीचे चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करणारे कलाकार पण ठाकरच.

आणि हो, ही जुन्या काळातली माणसं नाहीत. पावसाळ्यात पनवेल स्टेशनबाहेर टाकळा, शेवळं, कुरडू असल्या रानभाज्या घेऊन बसलेल्या मावशी कुठून येतात असं वाटतं तुम्हाला?

११. चिंधी नवऱ्याला सरळ सोडून देते. त्या काळी असं चालायचं? की हे पिक्चरवाल्यांचं पुरोगामीपण?

हा प्रश्न नेहमी शहरातल्या बायकाच विचारतात, मी पण पहिल्यांदा हाच विचारला होता. आदिवासी समाजांमध्ये बाईला काडीमोड घेऊन दुसरं लग्न करायची मोकळीक बऱ्याच ठिकाणी होती आणि आहे. लग्नात मुलीकडच्यांना देज द्यायची चाल, म्हणजे आपल्या हुंड्याच्या बरोबर उलटं. मोडायचं तर ते देज पहिल्या नवऱ्याला परत करायचं, पंचांसमोर विषय संपतो. याचा अर्थ तिथे सगळं आलबेल असतं असा अजिबात नाही, पैशाचा व्यवहार आहे म्हणजे बाईची किंमत लावणं आलंच. पण 'समाज काय म्हणेल' हे ओझं आपल्याकडे असतं त्या आकाराचं नाही.

म्हणून चिंधी बंडखोर म्हणून दाखवलेली नाही हे बघा. भाषण नाही, दार आपटणं नाही. तिला एक माणूस नकोय आणि एक हवाय, इतकं सरळ. पाच वर्षांनंतरच्या 'उंबरठा'मध्ये याच दिग्दर्शकाने याच नटीला घरातून बाहेर पडायला लावलं तर केवढी उलथापालथ झाली! दोन्ही लागोपाठ बघा, एका शनिवारी एक.

१२. राणीमाशी खरंच माणसाला चावते का? आमचा मुलगा म्हणतो सायन्स चुकीचं आहे.

मुलगा हुशार आहे. राणीला नांगी असते, पण ती वापरते दुसऱ्या राण्यांवर. पोळं सोडून माणसाच्या मागे धावणं हे तिचं कामच नाही, ती अंडी घालते. डसतात त्या कामकरी माश्या. त्यांच्या नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे ती आपल्या कातडीत अडकून राहते आणि माशी मरते.

कर्नाळ्याच्या आहेत त्या आग्या माश्या, पेटीत पाळता येत नाहीत असल्या. उंच कड्याला, मोठ्या झाडाला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं उघडं पोळं. त्या हंगामाप्रमाणे जागा बदलतात, परत त्याच कड्याला येतात. आता वर्षानुवर्षं माश्या जाऊन परत तिथेच येतायत हे खाली राहणारी माणसं बघत असतील तर वर कोणीतरी मालकीण आहे असं वाटणारच की. त्यामुळे सायन्स चुकलंय असं मी नाही म्हणणार, नाग्या जीवशास्त्राच्या राणीशी भांडतच नाहीये.

१३. कर्नाळ्याला जायचं कसं? आणि सुळक्यावर चढता येतं का?

हार्बरने पनवेल, ठाण्याहून असाल तर ठाणे-पनवेल थेट लोकल आहे. पनवेल एसटी स्टँडवरून पेण-अलिबागच्या बाजूला जाणारी गाडी, साधारण बारा किलोमीटरवर अभयारण्याचं गेट, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा नाहीतर पुढे नेऊन उतरवतात. १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झालं, सुरुवातीला साडेचार चौरस किलोमीटरही नव्हतं, २००३ मध्ये वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या वर गेलं. गेटवर तिकीट, प्लास्टिकची तपासणी. तिथून वर किल्ला दीड-दोन तास, वाटेत कर्णाई देवीचं देऊळ.

सुळका वेगळी गोष्ट. तो प्रस्तरारोहणाचा विषय, दोर, साधनं, अनुभवी माणसं आणि वनखात्याची परवानगी. 'नाग्या चढला मग आपण पण' असं म्हणणारा एक तरी दरवेळी निघतो. नाग्याचं काय झालं ते आधी बघा. पायथ्याला पाण्याची कोरीव टाकी आहेत, तिथे बसा, मान वर करून बघा, पुरे होतं.

१४. माश्या उठल्या तर काय करायचं? दरवर्षी बातम्या येतात म्हणून भीती वाटते.

भीती योग्य आहे. उठू नयेत म्हणून: सेंट, डिओ, सुगंधी तेल लावून जायचं नाही, धूर करायचा नाही, ड्रोन उडवायचा नाही, दगड मारणं तर सोडाच, आणि सुळक्याखाली आरडाओरडा करायचा नाही. मी स्वतः एकदा लग्नाच्या हॉलमधून परस्पर ट्रेकला गेले होते, केसांत गजरा तसाच. तीन-चार माश्या डोक्याभोवती फिरायला लागल्यावर सोबतच्या वाडीतल्या दादांनी न बोलता गजरा काढून घेतला आणि लांब झाडीत टाकला. त्या दिवशी 'आम्ही ठाकर ठाकर' म्हणत खाली उतरण्याचा उत्साह नव्हता.

उठल्याच तर हात झाडू नका. एका माशीने डंख मारला की त्याचा वास सुटतो आणि बाकीच्या तिथेच येतात. तोंड-डोळे ओढणीने, जॅकेटने झाका, सरळ लांब पळा, दाट झाडीत किंवा बंद जागेत. पाण्यात उडी मारणं पिक्चरात ठीक, माश्या वर वाट बघतात. नांगी लगेच काढा, नखाने खरवडून काढली तरी चालेल, उशीर करू नका. चेहरा-जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर येणं किंवा खूप डंख, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय नाही, थेट हॉस्पिटल.

१५. कादंबरी आधी वाचू की पिक्चर आधी बघू?

पिक्चर आधी. सहसा मी उलटं सांगते. पण इथे गाण्यांनी एक जागा आधीच घेतलेली आहे, कादंबरी वाचताना पण कानात हृदयनाथच वाजणार, मग आधी ते होऊन जाऊ दे. कादंबरीत ठाकरांची बोली जास्त दाट आहे, पहिली दहा पानं जड जातील, मोठ्याने वाचा म्हणजे सुटते. गोनीदांच्या कन्या वीणा देव आणि त्यांच्या घरच्यांनी गोनीदांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं वर्षानुवर्षं केली ती उगाच नाही, ही गद्यं कानाने वाचायची आहेत.

१६. सोसायटीच्या हॉलमध्ये फुकट दाखवला तर परवानगी लागते का?

लागते. फुकट आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो, म्हणजे हा पिक्चर २०३७ संपेपर्यंत हक्कातच आहे. घरात घरच्यांनी बघणं वेगळं, हॉलमध्ये खुर्च्या मांडून नोटीस लावून बोलावणं वेगळं. आम्ही पहिल्यांदा हे न कळता दाखवला होता आणि आमच्याच विंगमधल्या वकील मावशींनी इंटर्व्हलला चहा पिता पिता समजावलं. आता आधी विचारतो. पेनड्राइव्हवर कोणीतरी दिलेली कॉपी हा हक्क नव्हे, हे पण त्यांचंच वाक्य.

१७. मुलांना दाखवावा का?

दहा-अकराच्या पुढे हो. दारू आहे, शरीराची ओढ उघडपणे आहे पण अचकट काही नाही, मृत्यू आहे. लहान मुलांना गाणी आवडतात आणि मधल्या भागात कंटाळा येतो. मुलांपेक्षा आईबापच जास्त चुळबुळतात असा अनुभव.

१८. ठाकरांची गोष्ट आणि मुख्य भूमिकेत एकही ठाकर नाही. हे खटकत नाही का?

खटकतं. आधी नाही खटकायचं, आता खटकतं. पुण्या-मुंबईची शिकलेली मंडळी, कादंबरीकार पुण्याच्या बाजूचा, कवी मराठवाड्याचा, सूर मंगेशकरांचे. सगळे आपापल्या जागी मोठे, पण ज्यांची गोष्ट ते कुठे? आमच्याकडे एकदा कर्जतच्या बाजूचा एक ठाकर मुलगा आला होता, इथे खारघरला कॉलेजात होता. पिक्चर संपल्यावर म्हणाला, गाणी आमच्याकडे लग्नात डीजेवर वाजतात, पण आमची आजी जशी बोलते तसं यात कोणी बोलत नाही. मग म्हणाला, ढोल मात्र ओळखीचा वाटला.

मी यावर 'पण त्या काळी' असं म्हणून पांघरूण घालणार नाही. इतकंच म्हणेन की यात ठाकरांना बिचारे केलेलं नाही, त्यांचा उद्धार करायला कोणी मास्तर, डॉक्टर, साहेब वाडीत येत नाही. त्या काळच्या समांतर सिनेमात गावात बाहेरचा सुशिक्षित माणूस येतो आणि मग गोष्ट चालू होते, हे कितीदा तरी झालं. इथे नाग्याचं वेड नाग्याचं आहे आणि त्याचं जे होतं ते पण त्याचंच. त्या मुलाचं म्हणणं यामुळे खोडलं जात नाही, दोन्ही खरं आहे.

१९. शेवट कळला नाही. जिंकले ना? मग असं का? (बघितला नसेल तर इथून पुढे वाचू नका, खरंच)

जिंकले. नाग्या आणि चिंधी मिळून कड्यावरची पोळी उठवतात, राणीमाशीचं राज्य मोडतं, नाग्याचा सूड पुरा होतो. आणि माश्यांच्या डंखांनी चिंधी मरते.

लोक दोन बाजूंनी वाद घालतात. एक म्हणतात, निसर्गाशी वैर घेतलं म्हणून शिक्षा झाली. मला हे पटत नाही, कारण मग शिक्षा नाग्याला व्हायला हवी होती, वैर त्याचं होतं. दुसरे म्हणतात, बाईचाच बळी, नेहमीचंच. यात दम आहे, पण चिंधीला कोणी ओढत नेलेलं नाही (प्रश्न ११), ती नाग्याइतकीच त्या कड्याला लागलेली आहे, थोडी जास्तच, कारण नाग्याला राणीमाशी हवी होती आणि हिला नाग्या.

मला जे दिसतं ते सांगते. सुरुवातीला त्याला पुण्य हवं होतं. डोळा गेल्यावर पुण्याची जागा सूडाने घेतली आणि ते त्याच्या लक्षातच आलं नाही, कारण चढायचा डोंगर तोच होता. वर पोचल्यावर हातात काय आलं हे बघायला सोबत कोणी उरलं नाही. आता पिक्चरचं नाव परत मोठ्याने म्हणून बघा, आरोळीसारखं म्हणता येतंय का?

आमच्याकडे शेवटानंतर लाइट लगेच लावत नाही. वॉचमनकाकांना पण आता माहीत झालंय, ते बटनाजवळ उभे राहतात आणि मी मान हलवेपर्यंत थांबतात.